काउंटीचं बजेट नेमकं कुठे ठरतं? (फेअरफॅक्स, व्हर्जिनिया)

नवी_विटी

फेब्रुवारीत घराच्या नव्या मूल्यांकनाचं पत्र आलं की आमच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर दोन दिवस शिमगा असतो. एप्रिलमध्ये जनसुनावणी होते तेव्हा मात्र त्यातला एकही जण तिकडे फिरकत नाही. गेली काही वर्षं मी फेअरफॅक्स काउंटीच्या बजेट कमिटीच्या बैठका बघतोय, बहुतेक घरी बसून काउंटीच्या चॅनेलवर. त्यावरून माझं मत असं झालंय की एप्रिलमध्ये फिरकून फार काही हाती लागत नाही, कारण तोवर मुख्य गोष्ट ठरून गेलेली असते. पटत नसेल तर भांडा, त्यासाठीच धागा काढलाय.

आधी रचना. काउंटी म्हणजे साधारण आपल्या जिल्ह्यासारखी. इथलं आर्थिक वर्ष १ जुलै ते ३० जून. '२०२६ चं बजेट' म्हणजे जून २०२६ ला संपणाऱ्या वर्षाचं. बोर्ड ऑफ सुपरवायझर्समध्ये दहा जण: नऊ आपापल्या डिस्ट्रिक्टमधून (काउंटीतल्या मतदारसंघातून) आणि एक अध्यक्ष अख्ख्या काउंटीतून निवडलेला. काउंटी एक्झिक्युटिव्ह मात्र निवडून येत नाही, त्याला बोर्ड नेमतं. आपल्याकडचा आयुक्त समजा, फक्त इथे तो मंत्रालयातून येत नाही आणि बोर्डाला नको झाला तर बोर्डच त्याला घरी पाठवू शकतं.

हा माणूस फेब्रुवारीत बजेटचा मसुदा मांडतो. जनरल फंड, म्हणजे काउंटीचा मुख्य खजिना, साडेपाच अब्ज डॉलरच्या आसपास, त्यातला निम्म्याहून जास्त शाळांना. मग मार्चमध्ये बोर्ड मालमत्ता कराचा दर 'जाहीर' करतं, आणि माझ्या मते अख्ख्या वर्षातली सगळ्यात महत्त्वाची तारीख हीच. जाहीर केलेला दर म्हणजे कमाल मर्यादा. मे महिन्यात बोर्ड त्याच्या खाली येऊ शकतं, वर जाऊ शकत नाही. वर जायचं तर पुन्हा जाहिरात, पुन्हा सुनावणी, आणि तेवढा वेळ कुणाकडेच नसतो.

दोन वर्षांची उदाहरणं बघा. २०२५ च्या बजेटच्या वेळी चालू दर शंभर डॉलर मूल्याला १.०९५ डॉलर होता. एक्झिक्युटिव्हने ४ सेंट वाढ मागितली, बोर्डाने ४ सेंटच जाहीर केले आणि मे २०२४ मध्ये ३ सेंटवर थांबलं. दर झाला १.१२५. पुढच्या वर्षी १.१४ जाहीर झाला आणि शेवटी १.१२२५ ठरला, कारण मधल्या फटीत हॉटेलच्या जेवणावरचा ४ टक्के कर घालण्यात आला. म्हणजे एप्रिलच्या तीन दिवसांच्या सुनावणीत लोक आपापली तीन मिनिटं बोलतात ती या फटीबद्दल. एक सेंट म्हणजे तीन कोटी डॉलरहून जास्त, त्यामुळे फट लहान नाही हे मान्य. पण ती किती रुंद असावी हे मार्चमध्येच ठरलेलं असतं, आणि त्याच्याही आधी बजेट कमिटीत त्याचा अंदाज येतो.

कमिटीची एक गंमत आहे. दहाच्या दहा सुपरवायझर तिचे सभासद. मग वेगळी कमिटी कशाला? तर तिथे औपचारिक मतदान होत नाही. अधिकारी आकडे दाखवतात, सुपरवायझर प्रश्न विचारतात आणि 'साधारण सगळ्यांचं असं दिसतंय' म्हणून पुढे जातात. बोर्डाच्या बैठकीत जे कॅमेऱ्याकडे बघून बोलतात तेच इथे कागदाकडे बघून बोलतात. कंटाळवाणं असतं, पण कोण कशावर अडून बसणार हे इथेच कळतं.

मिसळ_हर्नडन

पहिला मीच, कारण त्या 'मधल्या फटीत' माझं दुकान आहे. 😀

शँटिलीत छोटं खाण्याचं दुकान चालवतो. १ जानेवारी २०२६ पासून हा कर लागला. ६ टक्के विक्रीकर आधीच होता, आता वर ४. गिऱ्हाईकाच्या बिलावर सरळ १० टक्के. कर गिऱ्हाईकाने भरायचा, गोळा आम्ही करायचा आणि शिव्याही आम्हीच खायच्या. नावात हर्नडन असलं तरी दुकान तिथे नाही, हे बरं की वाईट कळत नाही. हर्नडन, व्हिएन्ना आणि क्लिफ्टन या टाउन्सचा जेवणावरचा कर आधीपासून आहे, त्यांच्या हद्दीत काउंटीचा लागत नाही. ही सीमा बऱ्याच गिऱ्हाइकांना माहीतच नसते.

माझी खरी तक्रार वेगळी आहे. २०१६ मध्ये याच करावर सार्वमत झालं होतं आणि लोकांनी स्वच्छ नाही म्हटलं होतं. मग तो परत आला कसा?

नवी_विटी

@मिसळ, कायदा बदलला. आधी व्हर्जिनियात काउंटीला जेवणावर कर लावायचा तर सार्वमत घ्यावं लागायचं, शहरांना मात्र ती अट नव्हती. २०२० मध्ये राज्याच्या विधिमंडळाने काउंट्यांवरचीही अट काढली आणि ६ टक्क्यांपर्यंत मुभा दिली. जिथे आधी सार्वमत हरलं होतं तिथे सहा वर्षं थांबायचं. फेअरफॅक्सची सहा वर्षं नोव्हेंबर २०२२ ला संपली.

यामागे एक मोठी गोष्ट आहे, ती न कळता इथल्या बजेटवर बोलण्यात अर्थ नाही. व्हर्जिनिया 'डिलन रूल' मानणारं राज्य आहे. राज्याने स्पष्ट अधिकार दिला असेल तेवढंच काउंटीने करायचं. आयकर स्वतःच्या मर्जीने लावता येत नाही, विक्रीकराचा दर स्वतः ठरवता येत नाही. मग उरतं काय? घर आणि गाडी. गाडीवर शंभराला ४.५७ डॉलर आणि घरावर वर सांगितलेला दर. ऑफिसच्या इमारती रिकाम्या पडल्या, त्यांचं मूल्य घटलं की त्यांचा हिस्सा घरमालकांच्या अंगावर येतो. सुपरवायझर जेवणावरच्या कराकडे वळले ते यासाठीच: निदान बाहेरगावचा माणूसही थोडं भरेल.

भरत_वाक्य

दहात नऊ डेमोक्रॅट आहेत. कमिटी काय आणि सुनावणी काय, सगळं ठरलेलं. एक रिपब्लिकन दरवर्षी विरोधात मत देतो, बातमीत त्याचं एक वाक्य येतं, संपलं. दर 'कमी' केला म्हणून २०२५ मध्ये पाठ थोपटून घेतली आणि माझं बिल वाढलंच. हे कोणतं गणित?

नवी_विटी

गणित सोपं आहे, फसवं म्हणा हवं तर. समजा घराचं मूल्य साडेसात लाख डॉलर होतं. १.१२५ ने ८,४३७ डॉलर. पुढच्या वर्षी मूल्य आठ लाख झालं. १.१२२५ ने ८,९८०. दर उतरला, बिल साडेपाचशेने चढलं.

पण यावर कायद्यातच एक चाप आहे. फेरमूल्यांकनामुळे आधीच्या वर्षापेक्षा एक टक्क्याहून जास्त उत्पन्न वाढणार असेल, तर दर न वाढवताही काउंटीला 'प्रस्तावित करवाढ' अशी नोटीस छापावी लागते आणि उत्पन्न तेवढंच ठेवणारा दर किती झाला असता तेही सांगावं लागतं. ती नोटीस शोधून वाचा. त्या पानावर 'दर कमी केला' असा सूर लावायला जागाच नसते.

पक्षाबद्दल: भांडण दोन पक्षांत नसतं म्हणून भांडण नसतं असं नाही. खरी रस्सीखेच काउंटी बोर्ड आणि स्कूल बोर्ड यांच्यात असते, आणि ते दोघेही बहुतेक एकाच विचाराचे लोक.

तुळशीबागवाली

आता माझा विषय आला. 🙋 दोन मुलं एफसीपीएसमध्ये (काउंटीच्या सरकारी शाळांत) आणि मी स्वतः सब्स्टिट्यूट टीचर, त्यामुळे पक्षपाती आहे हे आधीच सांगते.

स्कूल बोर्ड वेगळं निवडून येतं, पण त्याला कर लावायचा अधिकार नाही. म्हणजे खर्चाची यादी एकाची आणि पाकीट दुसऱ्याचं. २०२५ च्या बजेटला सुपरिंटेंडंटनी काउंटीकडून २५० मिलियनहून जास्त वाढ मागितली, मिळाली १६५ मिलियन. दरवर्षी तेच. शाळा मोठा आकडा मागतात, काउंटी म्हणते एवढे नाहीत, मधल्या मध्ये पालक रंगीत टीशर्ट घालून सुनावणीला जातात.

बाहेरच्यांना माहीत नसलेला भाग असा: काउंटी बोर्ड शाळांना पैसे एकरकमी देतं. त्यातून शिक्षकांचे पगार वाढवा, अमुक कार्यक्रम बंद करू नका, असं ते सांगू शकत नाही. आकडा ठरवायचा एवढंच हातात. त्यामुळे सुपरवायझर सुनावणीत पालकांना म्हणतात 'हा निर्णय स्कूल बोर्डाचा', आणि स्कूल बोर्ड म्हणतं 'काउंटीने पैसेच दिले नाहीत'. दोघंही खरं बोलतात, हाच वैताग!

आणि नवी_विटी, 'एप्रिलमध्ये बोलून उपयोग नाही' हे मला अजिबात मान्य नाही. तुम्ही दर बघताय, मी यादी बघते. मार्क-अपच्या (बोर्ड बजेटवर शेवटचे फेरफार करतं त्या बैठकीच्या) आधी सुपरवायझर स्वतःच्या 'विचारार्थ बाबी' देतात: अमुक ठिकाणी इतके डॉलर, तमुक पदं परत आणा. त्या यादीत काय येतं हे लोकांच्या मेलवर आणि सुनावणीवर ठरतं. शंभरातले नव्वद डॉलर आधीच अडकलेले असतील, पण उरलेल्या दहांत आमच्या शाळेनंतरचा कार्यक्रम असतो ना.

नवी_विटी

@तुळशीबागवाली, हे मान्य, आणि मी 'प्रश्नोत्तरं' लिहायची विसरलो ती तुमच्या मुद्द्याला धरूनच आहेत. सुपरवायझर बजेटवर लेखी प्रश्न देतात आणि कर्मचाऱ्यांची लेखी उत्तरं काउंटीच्या साइटवर टाकली जातात. त्यातली काही उत्तरं मूळ बजेटपेक्षा वाचनीय असतात. 'ही पदं तीन वर्षं रिकामी का' असा प्रश्न एकदा कागदावर आला की त्या खात्याला लपायला जागा राहत नाही.

माझं म्हणणं एवढंच की तोच मेल फेब्रुवारीच्या शेवटी गेला तर प्रश्न होऊन येतो आणि एप्रिलच्या शेवटी गेला तर 'आपल्या मताबद्दल आभार' होऊन येतो.

तुळशीबागवाली

हे मात्र खरं. आमच्या सुपरवायझरच्या ऑफिसला मी मार्चच्या सुरुवातीला लिहिलं होतं, आकड्यासकट, पान नंबर घालून. तो प्रश्न जवळजवळ माझ्याच शब्दांत यादीत आला. पान नंबर घाला लोकहो! रडगाणं नको, पान नंबर.

पोटोमॅकपार

नदीपलीकडून नमस्कार. माँटगोमेरी काउंटी, मेरीलँड. तुमची ती 'सगळेच सभासद' कमिटी ऐकून मजा वाटली. आमच्याकडे कमिट्या खरोखर कमिट्या आहेत. काउन्सिल ११ जणांचं, कमिटी साधारण तिघांची. शिक्षण एकीकडे, आरोग्य दुसरीकडे, वाहतूक तिसरीकडे. काउंटी एक्झिक्युटिव्ह आमच्याकडे निवडून येतो. तो १५ मार्चपर्यंत बजेट पाठवतो आणि काउन्सिलला १ जूनच्या आत मंजूर करावं लागतं.

मधल्या काळात प्रत्येक कमिटी आपापल्या खात्यांचं बजेट उघडते आणि काही बाबी 'ताळमेळ यादी'वर टाकते. पैसे असतील तर द्या, नसतील तर नाही. मे महिन्यात ही यादी मारुतीच्या शेपटीसारखी वाढते आणि मग पूर्ण काउन्सिल बसून कापाकापी करतं. तीन माणसांच्या कमिटीत दोघांना पटवलं की तुमची बाब यादीवर येते. म्हणून संस्थावाले लोक मोठ्या सुनावणीपेक्षा या छोट्या खोल्यांबाहेर जास्त दिसतात.

आणि हो, आमची काउंटी आयकर लावते, २०२५ मध्ये ३.२ टक्के. तुम्ही घरावर रडता, आम्ही पगारावर.

भरत_वाक्य

म्हणजे मेरीलँडमध्ये दोघांना पटवायचं आणि व्हर्जिनियात सहांना. लॉबीवाल्यांसाठी मेरीलँड स्वस्त. 😏

पोटोमॅकपार

यादीवर *यायला* दोघं. यादीवरून बजेटमध्ये जायला बहुमतच लागतं. पण टोमणा अगदीच चुकीचा नाही.

लेखाशीर्ष

मुलाकडे सेंटरव्हिलला सहा महिन्यांसाठी आलो आहे. एका जिल्हा परिषदेच्या वित्त विभागात नोकरी झाली, आता निवृत्त. धागा वाचून हात शिवशिवले.

आमच्याकडे अर्थ समिती असते, तिचे सभापती मार्चमध्ये विशेष सर्वसाधारण सभेत अंदाजपत्रक मांडतात. पण अर्थ समिती ज्या पैशावर चर्चा करते तो जिल्हा परिषदेच्या स्वउत्पन्नाचा, म्हणजे ज्याला सगळे 'सेस' म्हणतात तो. जमीन महसुलावरचा उपकर, मुद्रांक शुल्कातला वाटा, ठेवींवरचं व्याज. त्यातूनही २० टक्के समाजकल्याण, १० टक्के महिला व बालकल्याण, ५ टक्के दिव्यांग, हे आधी बाजूला काढायचं. उरलेल्यात सदस्यांची मागणी प्रत्येक गटात दोन रस्ते आणि एक सभामंडप. शिक्षकांचे पगार शासनाकडून येतात, ते आमच्या हातून नुसते जातात. विकासाचा मोठा पैसा जिल्हा नियोजन समितीत ठरतो आणि तिथे अध्यक्ष पालकमंत्री. त्यामुळे इथली दहा माणसं करदर स्वतः ठरवतात आणि त्याची जबाबदारी नाव घेऊन स्वीकारतात, हे मला नवलाचं वाटलं. आमच्या सभापतींनी कधी कर वाढवला नाही. वाढवण्यासारखा कर हातात होता कुठे?

२०२२ मध्ये मुदती संपल्यावर तर कित्येक जिल्हा परिषदांमध्ये अनेक वर्षं प्रशासकच अंदाजपत्रक करत राहिले. अधिकाऱ्यानेच मांडायचं आणि अधिकाऱ्यानेच मंजूर करायचं. हिशेबाला ते सोपं जातं, खोटं कशाला बोलू. सभा नाही, तहकुबी नाही, रात्री अकराला येणाऱ्या उपसूचना नाहीत. पण प्रश्न विचारणारं कुणी नसलं की टिपणीही आळशी होते. आम्हीच आळशी झालो असतो.

एक विचारायचं होतं. ३० जूनला इथे पैसे उरले तर काय होतं? आमच्याकडे शासनाचा निधी खर्चायला दोन वर्षं मिळतात, मग परत. त्यामुळे मार्चअखेर काय धावपळ असते ते इथल्या निम्म्या सभासदांना माहीत असेल.

नवी_विटी

@लेखाशीर्ष काका, तुम्ही नेमक्या जागी बोट ठेवलंत. याला इथे 'कॅरीओव्हर' म्हणतात आणि माझ्या मते बजेटचा दुसरा अंक तोच आहे, फक्त प्रेक्षक घरी गेलेले असतात.

उरलेला पैसा परत कुठे द्यायचा नसतो, तो काउंटीचाच. जुलैअखेर कर्मचारी सांगतात किती उरले, सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये सुनावणी घेऊन बोर्ड वाटप मंजूर करतं. त्यात आधी बांधिलकी झालेले पैसे (काम दिलंय, बिल यायचंय), मग राखीव निधीत भर, मग शाळांच्या आणि काउंटीच्या इमारतींची कामं, मग सुपरवायझरांच्या इच्छा. अशीच एक डागडुजी मार्च-एप्रिलमध्ये तिसऱ्या तिमाहीचा आढावा म्हणून होते. राज्याच्या कायद्याप्रमाणे चालू वर्षाच्या बजेटमध्ये एक टक्क्याहून मोठा बदल करायचा तर जाहीर सुनावणी लागतेच, म्हणून गुपचूप काही होत नाही. पण 'गुपचूप नाही' आणि 'कुणी बघतंय' यात फरक आहे.

मे महिन्यात 'पैसे नाहीत' म्हणून कापलेली एखादी बाब कॅरीओव्हरमध्ये हळूच परत येताना मी पाहिली आहे. वाईट हेतूने असेल असं नाही. मे महिन्यात उत्पन्नाचा अंदाज सावधपणे धरतात, प्रत्यक्षात थोडं जास्त येतं, आणि एकदाच मिळालेला पैसा कायमच्या पगारावर लावायचा नाही असा दंडक असतो. म्हणून तो छपरं, एसी, गाड्या, संगणक अशा एकरकमी गोष्टींवर जातो.

लेखाशीर्ष

हा दंडक उत्तम. आवर्ती खर्च अनावर्ती पैशातून करायचा नाही, हे आम्ही प्रत्येक टिपणीत लिहायचो आणि प्रत्येक सभेत ते वाचून न वाचल्यासारखं व्हायचं. इथे तो पाळायला लावतं कोण?

नवी_विटी

थोडं स्वतःचं धोरण, जास्त पतमानांकनवाले. फेअरफॅक्सने १९७५ मध्ये आर्थिक व्यवस्थापनाची दहा तत्त्वं मंजूर केली. त्यात एक असं की कर्जफेडीचा वार्षिक हप्ता जनरल फंडाच्या खर्चाच्या १० टक्क्यांपेक्षा कमी राहिला पाहिजे. तिन्ही मानांकन संस्थांकडून ट्रिपल ए, म्हणजे सर्वोच्च पत, आहे आणि ते टिकवण्याचं वेड कमिटीत सतत जाणवतं. कुणी राखीव निधीला हात लावू म्हटलं की पहिलं वाक्य 'न्यूयॉर्कला (म्हणजे मानांकनवाल्यांना) काय वाटेल'. कधीकधी त्याचा अतिरेकही होतो असं मला वाटतं. ग्रंथालयाचे तास कापताना ट्रिपल ए आठवतं, मग इतर वेळी का नाही?

ह्यूस्टनचा_बाप्या

तुम्ही सगळे फारच सभ्य काउंट्यांत राहता. आमच्याकडे या.

टेक्ससमध्ये काउंटीच्या कारभारी मंडळाला 'कमिशनर्स कोर्ट' म्हणतात. कोर्ट नाही, आणि त्याचा प्रमुख 'काउंटी जज' हाही आमच्या मोठ्या काउंटीत खटले चालवत बसत नाही. एक जज, चार कमिशनर, एकूण पाच. नेहमीच्या कामाला तिघं पुरतात, पण कर बसवायला पाचांतले चार हजर पाहिजेत.

आता हिशेब करा. हॅरिस काउंटीत २०२२ मध्ये तीन डेमोक्रॅट, दोन रिपब्लिकन. प्रस्तावित दर मान्य नाही म्हणून ते दोघे बैठकीला आलेच नाहीत. पुन्हा बैठक, पुन्हा गैरहजर. दर ठरवायची मुदत टळली आणि कायद्याप्रमाणे आपोआप कमी दर लागू झाला, ज्यात जुन्या मालमत्तांवरून जादा उत्पन्नच मिळत नाही. विरोधात मत देण्यापेक्षा घरी बसणं जास्त परिणामकारक! २०१९ मध्येही हाच डाव खेळला गेला होता.

त्यातून २०१९ च्या राज्य कायद्याने आणखी एक दावं बांधलंय: रोजच्या कारभारासाठीचं (देखभाल-खर्चाचं) करउत्पन्न साडेतीन टक्क्यांहून जास्त वाढवायचं तर मतदारांना विचारा.

भरत_वाक्य

हे आवडलं. फेअरफॅक्समध्ये अशी सोय पाहिजे.

तुळशीबागवाली

नको रे बाबा. दोन माणसं घरी बसली म्हणून माझ्या शाळेतली नर्स जायची.

लाउडनकरीण

शेजारच्या काउंटीतून. आमची फायनान्स कमिटी खऱ्या अर्थाने कमिटी आहे: नऊ सुपरवायझरांतले पाच. नाव इतकं लांब (वित्त, शासकीय कामकाज आणि आर्थिक विकास) की सगळे आद्याक्षरांनीच बोलतात. मोठ्या कंत्राटांचे विषय आधी तिच्यापुढे येतात, मग बोर्डाकडे. बजेट मात्र पूर्ण बोर्ड मार्चमध्ये चार-पाच संध्याकाळी बसून करतं, ओळीओळीवर कच्चं मतदान घेत, आणि एप्रिलच्या सुरुवातीला मंजूर. तुमच्या मानाने झटपट.

दर विचाराल तर २०२५ चा ०.८०५. हो, जळा. 😇 कारण तुम्हाला माहीतच आहे: अ‍ॅशबर्नची डेटा सेंटर्स. इमारतीपेक्षाही आतल्या संगणकांवरचा कर मोठा, शंभराला ४.१५ डॉलर.

पण त्याची दुसरी बाजू कमिटीच्या बैठका ऐकल्यावरच कळते. संगणकाचं मूल्य भराभर घसरतं, कंपन्या यंत्रं कधी बदलतील ते काउंटीला आधी कळत नाही. २०२१ मध्ये अंदाजापेक्षा सुमारे ६० मिलियन डॉलर कमी आले. घरांचं मूल्य एका वर्षात असं कोसळत नाही. तेव्हापासून आमच्याकडे बजेटच्या प्रत्येक चर्चेत कुणीतरी विचारतंच की या पैशावर किती टेकायचं. घरमालक म्हणून मला कमी दर हवाच आहे, पण घराच्या मागे विजेचे मनोरे उभे राहत असताना 'फुकट पैसा' म्हणवत नाही.

मिसळ_हर्नडन

लाउडनमध्ये दुकान टाकावं का? 🤔

लाउडनकरीण

भाडं बघून मग बोला.

भरत_वाक्य

बरं, थट्टा बाजूला. नवी_विटी, तुमचं म्हणणं मार्चआधी लिहा. ठीक. पण २०२५ सारखं वर्ष असेल, केंद्र सरकारच्या नोकऱ्या जाताहेत, निम्मं व्हर्जिनिया त्यावर जगतंय, तर फेब्रुवारीतले आकडे मे महिन्यात खरे तरी राहतात का? मग आधी लिहून काय, नंतर लिहून काय.

नवी_विटी

चांगला प्रश्न. आकडे हलतातच. म्हणून एप्रिलच्या शेवटी एक्झिक्युटिव्ह सुधारित आकड्यांचं टिपण देतो: उत्पन्न इतकं वाढलं-घटलं, राज्याच्या बजेटमधून अमुक आलं किंवा आलं नाही. मार्क-अपला बोर्ड ते टिपण समोर ठेवून शेवटचे फेरफार करतं. पण मर्यादा हलत नाही. उत्पन्न घटलं तर कात्री लागते, दर वर जात नाही. अनिश्चित वर्षात बोर्ड मुद्दाम चढा दर जाहीर करतं ते याच भीतीने, आणि मग मे महिन्यात 'आम्ही कमी केला' म्हणायची सोयही होते. तुमचा संशय मी पूर्ण खोडत नाही, पण यात फक्त नाटक नाही, विमाही आहे.

मार्क-अपच्या दिवशी आणखी एक कागद निघतो, तो जरूर वाचा: पुढच्या वर्षीच्या बजेटसाठी सूचना. 'अमुक खात्याचा आढावा घ्या', 'तमुक कराचा पर्याय तपासा' अशी वाक्यं असतात. जे आज मंजूर झालं नाही ते तिथे बी म्हणून पेरलेलं असतं.

लेखाशीर्ष

मुलाचं कराचं बिल मागून घेऊन बघितलं. मुख्य दराखाली आणखी दोन ओळी आहेत. एक पावसाच्या पाण्याच्या निचऱ्याची, ०.०३२५. ती समजली. दुसरी ०.००१, कीड नियंत्रण. ही कसली?

नवी_विटी

ती झाडांवरच्या पतंगाच्या अळ्यांसाठी, काका. ओकची जंगलं खाऊन टाकतात. आठ लाखांच्या घराला निचऱ्याचे २६० डॉलर, अळ्यांचे ८.

भरत_वाक्य

आठ डॉलर अळ्यांना! 😂 यावर कुणी सुनावणीत बोललंय का?

लेखाशीर्ष

हसू नका, असं लेखाशीर्ष वेगळं ठेवणं चांगलं. माझा प्रश्न एवढाच की ज्या वर्षी अळ्या कमी येतात त्या वर्षीची शिल्लक जनरल फंडात ओढतात का?

नवी_विटी

नाही, त्याचा स्वतंत्र फंड आहे, शिल्लक त्यातच राहते. फंडांच्या खंडात दोनेक पानं असतील. लिंक विपूत (तुमच्या विचारपुशीत) पाठवतो.

लेखाशीर्ष

पाठवा. मागच्या पाच वर्षांची आरंभीची शिल्लक एका रकान्यात मिळाली तर बघतो. रिकामाच आहे मी.